जोर कमी, कोन नेमका

धरणगाव तालुक्यात खळ्याखळ्यांवर एखादा जुना, २५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर उभा दिसतो. कुणाकडे एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा आयशर, तर कुणाकडे स्वराज ७२४. नांगरटीला मोठा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, म्हणून हा धूळ खात पडतो आणि एक दिवस भंगारात जातो. माझं इथे वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. दारात आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, हा ट्रॅक्टर विकू नका. कपाशीला, मक्याला भर लावायचं काम तो अजून उत्तम करतो. फक्त त्याला मागे दोन तवे नीट बसवून द्या.

भर लावणं आपल्याला नवं नाही. कोळप्याला दोरी गुंडाळून माती ओळीकडे लोटायची रीत आपल्या वडिलांनी पाळली. त्याने ओळीत वरंबा होतो आणि मधे सरी पडते. जोराचा पाऊस झाला तर जादा पाणी सरीने निघून जातं, पाऊस दडी मारून बसला तर सरीत मुरलेली ओल कामी येते. बुंध्याजवळचं बारीक तण मातीखाली दबतं आणि वाऱ्यात झाड लोळत नाही. आता बैलजोड्या कमी झाल्या आणि मजूर वेळेवर मिळत नाहीत, तेव्हा हे काम यंत्राकडे आलं.

"मिस्तरी, रिजर आहे की घरात, मग तवे कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. आपली काळी जमीन चिकट. रिजरच्या पंखांवर माती चिकटून बसते आणि ट्रॅक्टर तिचा ढीग ढकलत राहतो. तवा फिरत फिरत माती कापतो, काडीकचरा तोडतो आणि माती बाजूला टाकतो. त्याच्या मागे लोखंडी पट्टीची खरवडणी लावली की चिकटलेली मातीही सुटते. घासणं कमी, म्हणून ओढही कमी लागते. लहान ट्रॅक्टरला नेमकं हेच हवं असतं.

जुन्या तव्यांच्या कुळवाचे १८ इंची तवे यासाठी चालतात. तवा पोलादाचा, पाणी दिलेला असतो. त्याला थेट वेल्डिंग केलं तर तिथलं पाणी उतरतं आणि तडा जातो. म्हणून बेअरिंगचा हब वेगळा करून तवा नटबोल्टनेच आवळायचा. हबाचा दांडा यू-बोल्टने कल्टिव्हेटरच्या चौकटीवर बसवायचा, फण काढून टाकायचे.

ही चौकट ज्या तीन दांड्यांवर उचलली जाते, ती रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची. १९२६ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. लहान ट्रॅक्टरवर खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ ची असते. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराला २८ आणि २५ च्या पिना येतात. पिना बदलून घ्या. ढिल्या भोकात बारकी पिन घातली तर चौकट डोलते आणि भर वाकडी पडते.

मग चाकं. एका ओळीवरून ट्रॅक्टर न्यायचा असेल तर चाकं दोन्ही बाजूच्या सऱ्यांच्या मधोमध चालली पाहिजेत, म्हणजे चाकांमधलं अंतर ओळींमधल्या अंतराएवढं हवं. चार फुटांच्या कपाशीला चार फूट. जुन्या ट्रॅक्टरची मागची चाकं उलटी बसवून हे अंतर कमी-जास्त करता येतं. चाक उलटलं की टायरची नक्षीही उलटी होते, म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घालायचं. तीन फुटांच्या पेऱ्यात हा ट्रॅक्टर घालू नका, तिथे त्याहून अरुंद मिनी ट्रॅक्टर लागतो.

मांडणी शेतात नव्हे, फरशीवर करायची. चारही चाकांखाली चार इंच जाडीच्या फळ्या ठेवा आणि चौकट खाली सोडा. तवे फरशीला टेकले की खोली चार इंचांवर बसली. चौकटीच्या मध्यापासून दोन्ही तव्यांचं अंतर टेपने मोजा. तव्यांची खोलगट बाजू पुढे आणि आत, ओळीकडे. वरून पाहिलं तर पुढच्या कडा लांब आणि मागच्या जवळ दिसतात. डावा-उजवा तवा बदलला तर माती ओळीपासून दूर फेकली जाते. चालण्याच्या दिशेशी तव्याचा कोन मी २५ अंशांपासून धरतो. कोन वाढवला की माती जास्त सरकते आणि ओढही वाढते. ट्रॅक्टर पळवला तर ढेकळं रोपावर पडतात. दोन्ही कोन सारखे ठेवा. दोन तव्यांचे आडवे रेटे एकमेकांना मारतात, म्हणून ट्रॅक्टर सरळ चालतो. एक तवा खोल गेला की अवजार एका बाजूला ओढू लागतं.

जुन्या हायड्रॉलिकमधून तेल गळतं आणि अवजार हळूहळू खाली येतं. चौकटीला खोलीची दोन लहान चाकं लावली की ही काळजी मिटते. उचललेल्या अवजाराखाली ठोकळा दिल्याशिवाय हात घालू नका. जळगाव जिल्ह्यात ठिबक बऱ्याच शेतांत आहे. तवे घालण्याआधी नळी उचलून घ्या, नाहीतर दहा पावलांत तिचे तुकडे होतील.

वापसा आल्यावरच शिरा आणि पीक गुडघ्याएवढं होण्याआधी काम उरका. पुढे झाड ट्रॅक्टरच्या पोटाला घासतं, मुळंही तुटतात. पहिल्या तासात थोडं जाऊन उतरा, हाताने भर चाचपा. माती बुंध्यापर्यंत पोचली नसेल तर तवे थोडे आत घ्या, पानं झाकली गेली तर बाहेर.

या कामाला जास्त एचपी लागत नाही, मोजमाप लागतं. भंगाराचा भाव ठरवण्याआधी त्या ट्रॅक्टरला एक पावसाळा द्या. भर लावायची मजुरी वाचली की त्याची किंमत तुम्हालाच कळेल.