थायरॉईडचा कॅन्सर : सही करण्याआधी प्रश्न विचारा

‘कॅन्सर’ हा शब्द ऐकला की घरचे लोक डॉक्टर सांगतील तिथे सही करतात. पण थायरॉईडच्या प्रत्येक कॅन्सरला तेवढी घाई नसते. पॅपिलरी प्रकारची, एक सेंटीमीटरपर्यंतची आणि ग्रंथीबाहेर न पसरलेली गाठ सहसा कमी धोक्याची असते.

जपानमधील कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून अशा रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी नियमित सोनोग्राफीचा पर्याय दिला. तिथल्या १,२३५ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांचीच गाठ ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढली. या कॅन्सरने एकही मृत्यू झाला नाही.

म्हणजे मार्ग तीन : देखरेख, अर्धी ग्रंथी काढणे किंवा पूर्ण काढणे. पूर्ण काढली तर आयुष्यभर गोळी घ्यावी लागते. शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते. गायकासाठी, शिक्षकासाठी तो पोटाचा प्रश्न आहे. देखरेखीत मात्र तपासणी चुकवून चालत नाही आणि मनातली धास्ती सोबत राहते.

म्हणून गाठीची माहिती डॉक्टरांनी द्यावी, आपल्या जगण्याची रुग्णाने. निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. नातेवाइकांसोबत दवाखान्यात जाणाऱ्या तरुणांनी एवढे नक्की विचारावे : गाठ केवढी आहे? पसरली आहे का? थांबलो तर काय होईल?