परसबाग : दिवेलागणीची फुलं

भेंडीची तोडणी या आठवड्यात सांगणार होतो. ती पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण खांदा कॉलनीतून आलेलं एक पत्र थांबवून ठेवण्यासारखं नाही. तोवर भेंडी दिवसाआड तोडत राहा, एवढं पुरे.

पत्र असं आहे : "काका, सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत ड्रममध्ये शिराळ्याचा वेल लावला. सगळ्या जाळीवर पसरला. फुलं भरपूर येतात आणि सगळी गळतात. दोनदा करंगळीएवढं शिराळं दिसलं, तेही पिवळं पडून गेलं. वेल वांझ निघाला का? काढून टाकू?"

नका काढू, ताई. वेल अगदी निरोगी आहे. त्या दोन करंगळ्यांमध्येच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि घाई एवढ्यासाठी, की ऋषिपंचमी तीन आठवड्यांवर आली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं खणलेल्या जमिनीतलंच खायचं, ही आपली रीत. वर्षातला हा एक सण परसबागेच्या मालकीचा आहे असं मी मानतो. शिराळं, पडवळ, दुधी, काकडी, तांबडा भोपळा, लाल माठ, अळू, सुरण, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात. बाजारात त्या दिवशी मिसळीचे वाटे मिळतात, पण निदान एक शिराळं तरी आपल्या वेलाचं हवं. ते हवं असेल तर फळ याच पंधरवड्यात धरायला हवं.

मग फळ धरतं कसं?

काकडी, दुधी, शिराळं, पडवळ, कारलं, भोपळा या सगळ्यांच्या एकाच वेलावर दोन जातींची फुलं येतात, नर आणि मादी. आधी नर. पहिले आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, नुसती नर फुलंच उमलतात आणि गळतात. ती गळायचीच असतात, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. मादी फूल ओळखायला भिंग लागत नाही. पाकळ्यांच्या खाली, देठावर, इवलंसं फळ आधीच तयार असतं : शिराळ्याला शिरा असलेली काडी, कारल्याला खरबरीत गाठ, भोपळ्याला गोटी. नर फुलाखाली नुसता देठ. शिराळ्याची आणि पडवळाची नर फुलं तुऱ्यानं येतात, मादी एकटी येते. एका मादीमागे दहा-पंधरा नर फुलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

मोठा दिवस, कडक ऊन आणि नत्राचा मारा यांनी नर फुलं वाढतात. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार झाल्या की मादी फुलं वाढतात. म्हणूनच आषाढात जो वेल रिकामा वाटतो तो श्रावण-भाद्रपदात लगडतो. ड्रममध्ये दर आठवड्याला युरिया किंवा ताजं शेण घालत असाल तर आजपासून बंद करा. पानं तळहाताहून मोठी आणि गर्द हिरवी दिसताहेत ना? मग वेलाचं पोट भरलेलं आहे.

म्हणजे ताईंच्या वेलाला मादी फुलं आलीच होती, दोन करंगळ्या त्याचीच खूण. परागकण तिथवर पोचले नाहीत. पराग मिळाला की दोन-तीन दिवसांत ते फळ सरसरून वाढतं आणि खाली वळतं. नाही मिळाला की टोकाकडून पिवळं पडत सुकतं.

आता मला ज्या गोष्टीचं वेड आहे तिच्याकडे येतो. प्रत्येक वेलाची उमलायची वेळ ठरलेली असते. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहाच्या आत मिटायला लागतं. काकडी आणि कारलं सकाळचं. त्यांच्याकडे सातेरी मधमाश्या येतात, इवल्या कोती माश्याही येतात. पण दुधी, पडवळ आणि शिराळं उमलतात दिवेलागणीला. दुधीची पांढरीशुभ्र फुलं, पडवळाच्या झालरीसारख्या पाकळ्या, अंधारात या उठून दिसतात कारण त्यांचे पाहुणे रात्रीचे पतंग आहेत. आणि गंमत बघा, शिराळं आणि घोसाळं या सख्ख्या बहिणी, दोघींची फुलं पिवळी, पण घोसाळं पहाटे उमलतं आणि शिराळं संध्याकाळी. सकाळी चहा घेऊन गॅलरीत येणाऱ्या माणसाला शिराळ्याचं दिसतं ते कालचं, उतरलेलं फूल.

सातव्या मजल्यावर पतंग थोडे. त्यात गॅलरीतला दिवा चालू असला तर आलेला पतंग दिव्याभोवतीच फिरतो. शिवाय आपला पाऊस. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही चार महिन्यांत. झडीत मधमाशी घराबाहेर पडत नाही, आणि भिजलेला परागकण फुगून फुटतो, कामातून जातो.

तेव्हा पराग पोचवायचं काम आपण करायचं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वेलापाशी जा. ताजं उमललेलं नर फूल खुडा, पाकळ्या काढून टाका, मधला पिवळा भुकटीचा भाग तेवढा ठेवा. तो मादी फुलाच्या मधल्या तीन पाकळीदार गाठीवर हलक्या हातानं टेकवत फिरवा. तिन्ही भागांना पराग लागला पाहिजे. एकाच बाजूला लागला तर फळ वाकडं किंवा एका टोकाला बारीक होतं. एका मादीला दोन नर फुलं वापरा. पाऊस असेल तर वर प्लॅस्टिकचा तुकडा छत्रीसारखा बांधा. देठाला रंगीत दोरा बांधून वहीत तारीख लिहा. श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारात घराघरांतल्या माणसांना शिकवलं ते हेच : आपल्या झाडाकडे बघा, मोजा, लिहा आणि दुसऱ्याला सांगा.

हातानं केलेलं हे काम वेलाला चालतं का, असंही ताईंनी नंतर विचारलं. उत्तम चालतं. 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं व्हॅनिलाच्या फुलात काडीनं पराग बसवायची युक्ती शोधली. व्हॅनिलाच्या मूळ देशाबाहेर, मेक्सिकोबाहेर, तिच्या शेंगा आजही बहुतेक त्याच रीतीनं धरवतात. एका पोरानं फुलाकडे नीट पाहिलं, म्हणून जगाच्या आइस्क्रीमला वास आला.

परागाशिवाय फळ नाही, हा धडा मी स्वतः करटोलीकडून शिकलो. मालडुंग्याकडून पनवेलच्या बाजारात येणाऱ्या एका ठाकर बाईंकडून मी करटोलीचे कंद आणले होते. पावसाला ते फुटले, कुंपणावर चढले. तीन वेलांना करटोली लागली, दोनांना नुसती फुलं. सप्टेंबरात मी ते दोन रिकामे वेल कंदासकट उपटले. पुढच्या पावसाळ्यात तिन्ही वेल दणकून फुलले आणि एकही फळ धरलं नाही. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, नवऱ्यांनाच उपटलंत. मग पोरं कुठून व्हायची?" करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो, पण तो एक लागतोच. पुढल्या खेपेला त्यांनी नराचा कंद निवडून दिला. तो वेल आज माझ्या कुंपणावर आहे आणि त्याला मी सगळ्यात आधी आळं करतो. तोंडलीचेही नर-मादी वेल वेगळे, पण घरगुती तोंडली नराशिवायही फळतात. म्हणून शेजाऱ्याच्या फळणाऱ्या वेलाची काडी आणून लावली की काम होतं.

फळ धरलं की तोडायची घाई करा. पराग लागल्यापासून काकडी सात-आठ दिवसांत, शिराळं आठ-दहा दिवसांत, दुधी आणि पडवळ दोन आठवड्यांच्या आत तयार होतात. पडवळाच्या टोकाला छोटा दगड बांधा, सरळ वाढतं. तोडताना फळात नख सहज रुतलं पाहिजे. शिराळं जून झालं, आत बी धरलं, की वेल आपलं काम संपलं असं समजतो आणि नवी मादी फुलं कमी करतो. म्हणून खायला नको असलं तरी तोडा, शेजारी द्या. सकाळी कात्रीनं, बोटभर देठ ठेवून. ओढू नका, वेल दुखावतो. फळमाशी डंख मारते, म्हणून धरलेल्या फळाला लगेच कागदी पिशवी चढवा. आणि दुधी चिरताना तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून सगळा दुधी टाकून द्या, रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.

ताई, आज गॅलरीतला दिवा बंद ठेवा. विजेरी घ्या, लाल दोरा घ्या. आज बांधलेल्या दोऱ्याचं शिराळं ऋषिपंचमीच्या आधीच खाऊन होईल. पातेल्यात पडेल ते येत्या दहा-बारा दिवसांनी बांधलेल्या दोऱ्याचं. तोवर हात बसेल. किती दोरे बांधले आणि किती शिराळी धरली, तेवढं मला कळवा.