परीक्षा फॉर्मची पावती मोबाइलने टिपू नका
जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरांनो, बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचा फॉर्म भरला की पैसे भरल्याच्या पानाचा मोबाइलने फोटो काढू नका, आकडे पुसट येतात. विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, माउसने हवा तेवढाच भाग निवडा आणि व्हॉट्सॲप वेबवर कंट्रोल-व्ही करा. मला हीच पद्धत सर्वांत आवडते! विंडोज आणि प्रिंट स्क्रीन दाबलं तर अख्खी स्क्रीन थेट पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात सेव्ह होते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. फक्त चालू विंडो हवी? ऑल्ट-प्रिंट स्क्रीन. लांबलचक पान असेल तर फायरफॉक्समध्ये राइट क्लिक करून ‘टेक स्क्रीनशॉट’. पावती मात्र कंट्रोल-पी करून पीडीएफमध्येच ठेवा, त्यातला व्यवहार क्रमांक बहुधा कॉपीही करता येतो. आणि ग्रुपवर टाकण्याआधी आधार क्रमांक झाकाच.