छत्री, काठी आणि तिसरा हात!

दोस्तांनो, एक कोडं घालतो. एका हातात छत्री आहे, दुसऱ्या हातात गळाची काठी. पाऊस धो धो कोसळतोय. इतक्यात काठीचं टोक वाकलं. मासा लागला! आता दोरी ओढायची कुठल्या हाताने? छत्री सोडावी तर ती वाऱ्यावर उडणार आणि काठी सोडावी तर मासा काठीसकट पसार होणार!

हा तिसरा हात देवाने आपल्याला दिलेला नाही. म्हणून पावसात गळ टाकणारी मंडळी छत्रीच्या भानगडीत पडत नाहीत. ती अंगात रेनसूट घालतात. रेनसूट म्हणजे पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय एवढं? शाळेचा रेनकोट आहे की घरात!" पण जरा विचार करा. शाळेचा रेनकोट घालून तुम्ही सरळ उभे चालता, तेही घर ते शाळा एवढंच. गळ टाकताना तुम्ही दोन-तीन तास ओल्या दगडावर बसता, वाकता, हात डोक्यावर नेऊन काठी फेकता. काम वेगळं, म्हणून कपडाही वेगळा.

इरल्याची शिकवण

ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना केव्हाच कळली होती. भाताची लावणी करणाऱ्या बाया डोक्यावर इरलं घ्यायच्या, हे तुम्ही आजीकडून ऐकलं असेल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचा थर. लावणी करताना कंबरेत वाकावं लागतं, म्हणजे पाऊस पडतो तो पाठीवर. म्हणून इरलं पाठ झाकतं आणि पुढून उघडं असतं. हात मोकळे राहतात आणि वाराही लागतो. कामाकडे बघून बनवलेला पावसाळी पोशाख तो हाच. रेनसूट निवडतानाही हाच प्रश्न विचारायचा: हा घालून मला नेमकं काय करायचं आहे?

रबर, तेल आणि तवा!

समुद्रावरच्या माणसांनी पावसाशी झुंजायला काय काय करून पाहिलं आहे! अलास्काजवळच्या बेटांवरचे अल्यूट शिकारी सील माशासारख्या दिसणाऱ्या, पण मासा नसलेल्या सील प्राण्याच्या आतड्यांचे पट्टे शिवून अंगरखे बनवत. नॉर्वेतला एक जहाजाचा कप्तान, हेली यूल हान्सेन, याने १८७७ साली जाडंभरडं कापड जवसाच्या तेलात भिजवून खलाशांसाठी कपडे बनवायला सुरुवात केली.

त्याआधी १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं होतं. पण त्याचे कोट थंडीत पुठ्ठ्यासारखे कडक व्हायचे आणि उन्हात चिकट! पुढे रबरात गंधक घालून ते तापवण्याची युक्ती सापडली, तेव्हा कुठे ही कटकट मिटली.

मग १९६९ साल उजाडलं. अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी एक पदार्थ झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पातळ पापुद्रा बनवला. हा पदार्थ तुमच्या स्वयंपाकघरातही असू शकेल. न चिकटणाऱ्या तव्यावर त्याचाच लेप असतो! या पापुद्र्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान, पण वाफेच्या कणांपेक्षा मोठी असतात. म्हणजे पाऊस बाहेरच राहतो आणि घामाची वाफ मात्र बाहेर पडते.

आतला पाऊस

घामाचं एवढं काय, असं वाटतंय? मग एक प्रयोग करा. एक हात प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मनगटाशी सैलसर रबरबँड लावा. दहा मिनिटं तसेच खेळा. आता हात बाहेर काढा. दमट झाला ना? पिशवीला भोक नाही, पाऊसही नाही, मग पाणी आलं कुठून? तुमच्याच अंगातून! (पिशवी फक्त हातालाच लावायची हं. डोक्यात कधीही घालायची नाही.)

साध्या प्लास्टिकच्या रेनसूटमध्ये सगळ्या अंगाचं असंच होतं. बाहेरून कोरडे, आतून चिंब! आणि ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते.

आता आई-बाबांच्या खिशाच्या फायद्याची एक गोष्ट. ते वाफ बाहेर सोडणारं महागडं कापड थंड आणि कोरड्या हवेत छान काम करतं. पण कोकणात जुलैमध्ये हवाच बाष्पाने भरलेली असते. मग आतली वाफ बाहेर जाणार कशी? गच्च भरलेल्या एसटीत आणखी माणसं चढवण्यासारखंच ते! म्हणून आपल्याकडे महाग कापडापेक्षा सैलसर शिवण, काखेत किंवा पाठीवर वारा खेळण्याच्या झडपा आणि आत पातळ, लवकर वाळणारा सदरा यांचा उपयोग जास्त. जीनची पँट मात्र नको. ती एकदा भिजली की वाळता वाळत नाही.

दुकानात करायची कसरत

रेनसूट घडी बघून घ्यायचा नाही, अंगात घालून घ्यायचा. लोक हसले तर हसू द्या! दुकानातच या गोष्टी करून पाहा:

१. उकिडवे बसा. कंबर उघडी पडली किंवा पँट गुडघ्यात करकचली, तर तो सूट नको.

२. काठी फेकतो तसे दोन्ही हात वर न्या. हात वर असताना पाणी मनगटातून थेट काखेपर्यंत धावतं. म्हणून बाहीच्या तोंडाला इलॅस्टिक किंवा आवळायची पट्टी हवी.

३. टोपी घाला आणि मान वळवा. टोपीही मानेबरोबर वळली पाहिजे. नाहीतर तुम्ही बघाल उजवीकडे आणि दिसेल टोपीचं अस्तर! खडकावर चालताना आजूबाजूचं दिसायलाच हवं.

४. सूट उलटा करून शिवणी पाहा. सुई जिथून गेली तिथे भोक आलंच. चांगल्या सूटमध्ये शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. गळती बहुधा शिवणीतूनच सुरू होते.

५. चेनवर झाकण पट्टी आहे का, ते बघा.

६. पँटची बैठक आणि गुडघे चाचपा. तिथे दुहेरी कापड हवं. का ते सांगतो. काही सूटवर मिलिमीटरमध्ये एक आकडा छापलेला असतो. कापडावर पाण्याचा उंच स्तंभ उभा केला, तर किती उंचीपर्यंत ते पाणी आत येऊ देत नाही, याचा तो आकडा. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंचीचं पाणी! पण तुम्ही ओल्या दगडावर बसलात की तुमच्या वजनाने तेच पाणी कापडावर जोराने दाबलं जातं. म्हणून बैठक आधी भिजते.

७. रंग पिवळा किंवा केशरी घ्या. धुवाधार पावसात सगळं करडं दिसतं. अशा वेळी करडा, हिरवा, निळा माणूस दिसेनासा होतो. बरोबरच्या मोठ्यांना तुम्ही लांबून दिसला पाहिजेत.

आणि हो, झुलीसारखा नुसता अंगावर टाकायचा रेनकोट गळ टाकायला बरा नाही. वारा आत शिरला की त्याचा फुगा होतो, आणि गळ अडकायला तर तो आयताच!

आई-बाबा, तुमच्यासाठी

"वाढत्या अंगाचा घेऊ, पुढच्या वर्षीही होईल," हे वाक्य घराघरात ऐकू येतं. ते खोटंही नाही. पावसाळी कपडे स्वस्त नसतात. पण शेवाळलेल्या दगडावर पायात येणारी लांब पँट म्हणजे घसरण्याचं निमंत्रण. अंगात थोडा सैल चालेल, पण लांबी आजच्या मापाची हवी. जास्तीची लांबी आत दुमडून चिमटे किंवा पट्टीने पक्की करा. कापडात टाका मात्र घालू नका, सुईचं प्रत्येक भोक गळतं. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवायची. आत खोचली तर सगळं पाणी ओघळून बुटात!

सूटला न जमणारी कामं

रेनसूट पाऊस अडवतो, पूर नाही. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन वाढू लागलं, भरतीचं पाणी खडकाला वेढा घालू लागलं, की मासा लागलेला असला तरी उठायचं. होडीत बसलात तर जीवरक्षक जाकीट हवंच, आणि ते रेनसूटच्या वर घालायचं, आत नाही. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवायची आणि पक्क्या घरात जायचं. हल्लीच्या बऱ्याच काठ्या कार्बन तंतूंच्या असतात आणि त्यातून वीज वाहते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर यायचं नाही. आणि मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याकडे जायचंच नाही, अंगात कितीही भारी सूट असला तरी!

घरी आल्यावर

खाडीवरून आलात तर सूट आधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ चेनला खातं. मग सावलीत उलटा करून वाळवा, नंतर सुलटा. ओला तसाच घडी करून ठेवलात तर चार दिवसांत बुरशीचा वास सुटेल आणि आई सूटबरोबर तुम्हालाही बाहेर ठेवेल!

नीट निवडलेला आणि नीट जपलेला सूट कितीतरी पावसाळे साथ देतो. मासा लागेल की नाही, हे मात्र कुठलाच दुकानदार सांगू शकत नाही. ते माशाच्या मर्जीवर!