पूल उंच झाला, जोडरस्त्याचे काय?

पावसाळ्याची पहिली मोठी झड लागली, की चिकोडी-निपाणी भागाच्या बातम्यांत तीच नावे येतात. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेवरचे हे पूल पाण्याखाली जातात आणि समोर दिसणारे गाव एका रात्रीत लांबचे होते. 2024 च्या जुलैतही तेच झाले.

यातले मलिकवाड-दत्तवाड खास आपल्या सीमाभागाचे. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रातल्या शिरोळ तालुक्यात, मध्ये दूधगंगा. तिला नदी म्हणा की होळे, दोन्ही काठांवर माणसे नात्यातलीच. मराठीत सोयरे, कन्नडात बीगरू! लेकीचे सासर पलीकडे, शेत अलीकडे, बाजार तिसरीकडे अशी घरे इथे घरोघर सापडतील. पूल बुडाला की शाळेची मुले, दुधाचे कॅन आणि बाळंतपणाला निघालेली बाई, सगळ्यांनाच लांबचा वळसा पडतो.

बंधाऱ्यावरून वाहतूक

यातले बरेच पूल मुळात बंधारे आहेत. दोन खांबांमधल्या खाचांत पावसाळ्यानंतर बरगे घालायचे, उन्हाळ्यासाठी पाणी अडवायचे आणि पाऊस सुरू होण्याआधी बरगे काढायचे, हे त्यांचे मुख्य काम. पुराचे पाणी वरून निघून जावे इतपतच त्यांची उंची. गावे वाढली, दारोदार मोटारसायकली आल्या, उसाच्या ट्रॉल्या आल्या. उंची मात्र तीच राहिली. म्हणून उंच पुलाची मागणी रास्तच आहे.

पाणी अडते कुठे?

पण वाचकहो, पूल उंच झाला म्हणजे वाट मोकळी झाली असे नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तो आठवा. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे, तर कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले. नदीवर पक्का पूल असूनही वाहनांच्या रांगा लागल्या.

जोडरस्ता नुसता उंच केला तरी भागत नाही. आपल्याकडे नदीचा काठ सपाट, त्यामुळे पूर शिवारभर पसरतो. त्यात मातीचा उंच भराव घातला, की तो आडवा बांधच होतो. सगळे पाणी पुलाच्या तोंडाशी दाटते, वरच्या अंगाला फुगवटा येतो आणि कधी न बुडालेली घरे बुडतात. अरुंद तोंडातून जोराने जाणारे पाणी खांबांच्या पायाजवळची माती उकरते, ते वेगळेच. शिवाय काळ्या मातीवरचा भराव नीट दाबून बसवला नाही, तर खचतो आणि पूल सुरू होतो तिथेच गाडीला दणका बसतो. यावर उपाय आहेत. भरावात पुरेशा मोऱ्या ठेवायच्या, किंवा सखल भागात रस्ताच खांबांवर न्यायचा. शिरोली भागात भरावाऐवजी खांबांवरच्या रस्त्याची मागणी पुराच्या अनुभवातूनच झाली.

आधीच विचारा

2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला. तिथे नवा पूल 165 दिवसांत बांधून झाला आणि जून 2017 मध्ये खुला झाला. म्हणजे मनावर घेतले तर पूल लवकर होतो. वेळ खाते ती जोडरस्त्याची जमीन. त्यात सीमेवरच्या पुलाला दोन राज्ये, दोन तहसील कार्यालये. एका काठाचा सात-बारा मराठीत, दुसऱ्या काठाची पहाणी कन्नडमध्ये.

इथे आपल्या घरांचा उपयोग आहे. दोन्ही भाषांतले कागद वाचणारी माणसे आपल्याकडेच आहेत. ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. पुलाची उंची कोणत्या वर्षाचा पूर धरून ठरवली? भरावात मोऱ्या किती आणि कुठे? दोन्ही काठांवरची जमीन ताब्यात आली का? ही विचारणा आराखडा पक्का होण्याआधी करा. एकदा भराव पडला, की तो उकरायला कोणी येत नाही.