ओढणाऱ्या गाडीची कमान



वसंतातल्या अशा प्रसन्न संध्याकाळी लोखंडी पाटे आणि हवेच्या पिशव्या यांवर बोलणे म्हणजे श्रोत्यांच्या सौजन्याची परीक्षाच. परंतु विषय वाटतो तितका रूक्ष नाही. चालत्या गाडीत माणसे बसलेली असतात आणि समोरून येणाऱ्या गाडीतही असतात.

अमेरिकेत पिकअप नावाचा लहान ट्रक घरोघरी आढळतो. त्याच्या मागे कोणी चाकांवरचे घर जोडतो, कोणी घोड्यांची गाडी, कोणी नाव. असा तीन-चार टनांचा ट्रेलर जोडला की ट्रकची मागची बाजू खाली बसते, नाक वर होते, आणि रात्री दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. मालक म्हणतो, "कमान कमजोर आहे, मजबूत बसवा." दुकानदारही हेच म्हणतो. दोघांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी आपल्याला थोडा वेळ बैलगाडीकडे वळले पाहिजे.

गाडी भरताना माल फार मागे गेला तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते. फार पुढे गेला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान जुवावर थोडासाच दाब ठेवून माल लावतो. ट्रेलरचेही तसेच आहे. ट्रकच्या मागच्या गोळ्यावर जोडलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार त्या गोळ्यावर यावा असा संकेत आहे. त्याहून कमी असेल, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे शेपटी हलवू लागतो आणि शेवटी ट्रकलाच फिरवतो. हा दोष माल लावण्यातला आहे. कितीही भारी कमान घातली तरी तो मुळातून जात नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, ट्रेलर 3,600 किलोंचा आहे आणि गोळ्यावर 450 किलो भार आहे. ट्रकच्या पुढच्या व मागच्या आसांत 3.6 मीटर अंतर आहे आणि गोळा मागच्या आसाच्याही मागे 1.2 मीटर आहे. मागचा आस हा तरफेचा टेकू झाला. गोळा खाली दाबला की पुढची बाजू उचलली जाते: 450 गुणिले 1.2 भागिले 3.6, म्हणजे 150 किलो. तेवढा भार पुढच्या चाकांवरून नाहीसा झाला आणि मागच्या आसावर 450 नव्हे, तर 600 किलो वाढले. सुकाणू पुढच्या चाकांत असते आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. तीच हलकी झाली! आता मागे कितीही ताठ कमान बसवा. मागची बाजू वर येईल, गाडी सरळ दिसेल, दिव्यांचा झोतही खाली येईल. पण ते 150 किलो पुढे परत जाणार नाहीत. गाडी सपाट दिसणे आणि भार नीट वाटला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तो भार पुढे ढकलण्याचे काम भार वाटणारी जोडणी करते. तिच्या दोन लवचिक दांड्या ताणून ट्रेलरच्या सांगाड्याला अडकवतात. त्या ताणाने काही भार ट्रकच्या पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. फार जड ट्रेलरसाठी 'फिफ्थ व्हील' जोडणी ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर किंवा किंचित पुढे बसवतात; तिथे ही उलाळ मुळातच उद्भवत नाही. मात्र ट्रेलरच्या वजनाचा 15 ते 25 टक्के भार तिथे येत असल्यामुळे मागच्या कमानीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच उभा राहतो.

तर कमानीत निवड कशी करायची? आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेला 'कमान पाटे' अशी पाटी असलेली दुकाने असतात. तिथला मिस्त्री एक जादा पाटा घालून देतो. तो स्वस्त आणि टिकाऊ खरा; पण सारखाच टेकलेला असेल, तर रिकामी गाडी हाडे खिळखिळी करते. म्हणून जो पाटा ओझे आल्यावरच टेकतो, तो बरा. जाडीचे गणित मोठे चमत्कारिक आहे. तितक्याच जाडीचे दुप्पट पाटे घातले तर कडकपणा दुप्पट होतो, पण प्रत्येक पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो!

रबराचे पोकळ ठोकळे आस फार वर आल्यावरच काम करतात. त्यांना देखभाल जवळजवळ नाही. ज्याला कधीमधीच ओझे ओढायचे आहे, त्याला मी तेच सुचवीन. वरचेवर आणि निरनिराळी ओझी ओढणाऱ्याला हवेच्या पिशव्या सोयीच्या, कारण दाब हवा तसा कमीजास्त करता येतो. परंतु दोन्ही बाजूंच्या पिशव्या एकाच नळीने मोकळ्या जोडल्या, तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी अधिकच कलते. त्यांच्या नळ्या वेगळ्याच हव्यात. शिवाय कमान ताठ केली आणि जुनेच शॉक ॲब्सॉर्बर ठेवले, तर धक्क्यानंतरचे हेलकावे लवकर थांबत नाहीत. कमानीबरोबर तेही पाहावेत.

आणि कायद्याची बाजू. ट्रकच्या दारापाशी एक लहान पाटी असते. तीवर एकूण वजनाची आणि प्रत्येक आसाची मर्यादा लिहिलेली असते. कमान बदलल्याने तो आकडा बदलत नाही. आस, टायर, ब्रेक, सांगाडा हे सगळे होते तेच असतात. ओढण्याची क्षमता ही तर आणखी निराळी गोष्ट. 2008 सालच्या एका अमेरिकन मानकात तिची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या 11.4 मैलांच्या चढणीवर, उन्हाळ्याच्या तापमानात कशी घ्यावी हे ठरवले आहे. तिथे कस लागतो तो मुख्यतः इंजिनाचा, दातचक्रांचा आणि ती थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा.

म्हणून खरेदीआधी वजनकाट्यावर जावे. प्रथम ट्रक एकटा, पण माणसे व सामान यांसह. मग ट्रेलर जोडून. मग भार वाटणाऱ्या दांड्या ताणून. प्रत्येक वेळी पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगळे लिहून घ्यावे. दुसऱ्या वजनात पुढचा आस हलका दिसला, तर आधी जोडणी दुरुस्त करावी. मागचा आस पाटीवरील मर्यादेपलीकडे गेला, तर माल कमी करावा किंवा मोठा ट्रक घ्यावा. सगळे मर्यादेत असून गाडी मागे बसते, आस रबरावर आदळतो किंवा गाडी डुलते, तरच कमानीवर पैसे खर्च करावेत. आणि हवेच्या पिशव्या घेतल्या असतील, तर ट्रेलर सोडल्यावर, परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी, दाब उतरवायला विसरू नये. नाहीतर रिकाम्या ट्रकचे मागचे चाक प्रत्येक खड्ड्यावर उड्या मारील.