थप्पड, टूथपिक आणि खाणकामगार

१९ मार्च १९३१. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन क्लबात रशियन लेखक बोरिस पिल्न्याकच्या सन्मानार्थ मेजवानी होती. सिंक्लेअर लुइस भाषणाला उभा राहिला. आदल्याच वर्षी तो साहित्याचं नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला होता. माझ्या बायकोच्या पुस्तकातले तीन हजार शब्द चोरणारा माणूस इथे हजर आहे, त्याच्यासमोर मी बोलणार नाही, असं सांगून तो खाली बसला. हा माणूस म्हणजे थिओडोर ड्रायझर. नोबेलच्या शर्यतीत लुइसच्या खालोखाल त्याचंच नाव होतं. जेवणं आटोपल्यावर दोघे बाजूच्या खोलीत गेले, शब्दाला शब्द वाढला आणि ड्रायझरने लुइसच्या दोन थोबाडीत लगावल्या. वर्तमानपत्रांना आयती मेजवानी मिळाली.

मुळात आरोप अगदीच हवेतला नव्हता. लुइसची पत्नी डोरोथी थॉम्प्सन आणि ड्रायझर १९२७ साली एकाच सुमारास रशियात होते. पुढच्या वर्षी दोघांचीही पुस्तकं आली आणि त्यांतले काही परिच्छेद एकमेकांशी फारच जुळत होते. गंमत अशी, की नोबेलच्या भाषणात याच लुइसने ड्रायझरचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

ड्रायझरचा जन्म १८७१चा, इंडियाना राज्यातल्या एका गरीब जर्मन स्थलांतरिताच्या घरातला. ‘सिस्टर कॅरी’ (१९००) आणि ‘ॲन अमेरिकन ट्रॅजेडी’ (१९२५) या कादंबऱ्यांत त्याने एकच गोष्ट धरून ठेवली: माणूस घसरतो तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन कुणी निसरडी केली, हेही विचारायला हवं. १९३१ साली पॅरामाउंट कंपनीने ‘ट्रॅजेडी’वर चित्रपट काढला. समाजाला मोकळं सोडून सगळा दोष नायकाच्या माथी मारला, अशी तक्रार घेऊन ड्रायझर कोर्टात गेला आणि हरला. पैसे घेऊन हक्क विकल्यावर कसला कांगावा, असं लोक म्हणाले. पण त्याच्या दृष्टीने कादंबरीचा जीवच काढून घेतला गेला होता.

हाच प्रश्न घेऊन तो त्या वर्षाच्या नोव्हेंबरात केंटकीच्या कोळसा खाणींत पोचला. मंदीत मजुरी कापली गेली होती आणि युनियनमध्ये गेलेल्यांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढलं जात होतं. मे महिन्यात हार्लन परगण्यातल्या एव्हार्ट्सजवळ गोळीबार होऊन चौघे मेले होते. राजकीय कैद्यांच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीचा अध्यक्ष म्हणून ड्रायझर, सोबत जॉन डॉस पॅसोससारखे लेखक घेऊन, तिथे गेला. त्यांनी खाणकामगारांच्या आणि त्यांच्या बायकांच्या जबान्या जशाच्या तशा उतरवून घेतल्या. मोली जॅक्सन नावाची सुईण भुकेने गेलेल्या पोरांबद्दल बोलली, तिने स्वतः रचलेलं गाणंही म्हटलं. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये तिचं गाणं तबकडीसाठी ध्वनिमुद्रित झालं.

तिथल्या पाइनव्हिल गावच्या एका वृत्तपत्र-संपादकाने मात्र ड्रायझरलाच उलटतपासणीला उभं केलं. तुमची कमाई किती, दानधर्म किती? कमाई हजारोंत आहे आणि दान काही करत नाही, असं ड्रायझरने सरळ सांगून टाकलं. मग तुमच्यापेक्षा मीच जास्त देतो, असं म्हणून संपादकाने त्याला गप्प केलं.

खरी बातमी पुढेच होती. ड्रायझरच्या हॉटेलातल्या खोलीत एक स्त्री गेल्याचं पाहून कुणीतरी दाराला टूथपिक टेकवून ठेवल्या. सकाळी त्या तशाच उभ्या होत्या. तेवढ्या पुराव्यावर त्याच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवला गेला. तोवर तो केंटकीबाहेर पडला होता. आपण नपुंसक आहोत, तेव्हा गुन्हा घडणंच अशक्य, असं साठीतल्या या लेखकाने वर्तमानपत्रांना जाहीरपणे सांगितलं. लोक हसले. पुढे त्याच्यावर आणि सहकाऱ्यांवर राज्याविरुद्ध चिथावणीचाही खटला भरला गेला, पण वर्तमानपत्रांना टूथपिकच पुरल्या. कामगारांच्या जबान्या १९३२ साली ‘हार्लन मायनर्स स्पीक’ या पुस्तकात छापून आल्या. या साऱ्या गदारोळातून टिकाऊ असं काही उरलं असेल, तर ते हेच.

ड्रायझरच्या खात्यावर दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. तो ज्याच्या संपादक मंडळात होता, त्या ‘अमेरिकन स्पेक्टेटर’ नियतकालिकाने सप्टेंबर १९३३मध्ये ज्यूंबद्दल थट्टेच्या सुरातली एक चर्चा छापली. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. जुना स्नेही हचिन्स हॅपगुड याने आक्षेप घेतला, तर ड्रायझरने उत्तरादाखल पत्रं लिहून आपली मतं आणखीच घट्ट केली: ज्यूंनी आपला वेगळा देश करावा, वकिलीसारख्या पेशांत त्यांची संख्या मर्यादित असावी, वगैरे. १९३५ साली ‘नेशन’ने हा पत्रव्यवहार छापला आणि डाव्या वर्तुळात स्फोट झाला. त्याच वर्तुळातल्या मायकेल गोल्डने ‘न्यू मासेस’ या नियतकालिकात त्याला खडसावलं. आपल्याला ज्यूंचा द्वेष नाही, हिटलरशी आपला काही संबंध नाही, असा खुलासा ड्रायझरने केला, पण चूक मानली नाही.

थप्पड आणि टूथपिक या गोष्टी चवीने सांगितल्या जातात, कारण त्या कुणालाच अडचणीत टाकत नाहीत. हार्लन आणि ही पत्रं मात्र दोन्हीकडच्यांना टोचतात. ड्रायझरला नुसता भांडकुदळ म्हणणारे त्याने खाणकामगारांना मिळवून दिलेलं व्यासपीठ विसरतात. त्याला शोषितांचा कैवारी म्हणणारे पत्रांचं पान गुपचूप उलटतात. पायाखालची जमीन कुणी निसरडी केली, हा प्रश्न त्याने कोळसा खणणाऱ्यांसाठी विचारला. ज्यूंची पाळी आली, तेव्हा मात्र सगळा दोष त्याने त्यांच्याच माथी मारला, म्हणजे पॅरामाउंटवर ज्याचा ठपका ठेवला तेच स्वतः केलं. १९४५ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, तो कम्युनिस्ट पक्षात दाखल झाला. पण लेखकाचं खातं पक्षाच्या सभासदत्वाने चुकतं होत नाही. तो ज्यांच्या बाजूने बोलला आणि ज्यांच्याविरुद्ध बोलला, त्या दोघांनाही साक्षीला बोलवावं लागतं.